पहिलं मत गावात पडावं

स्वातंत्र्यदिनाचा सोहळा महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत मुलांच्याच जिवावर पार पडतो. आदल्या संध्याकाळी पटांगण त्यांनी झाडलेलं असतं, चुन्याच्या रेघा त्यांनी मारलेल्या असतात. लेझीम त्यांचं, संचलन त्यांचं, भाषणंही त्यांचीच. झेंडावंदन आटोपतं, खाऊ वाटला जातो आणि मुलं घरी जातात. मग ग्रामपंचायतीसमोर किंवा देवळाच्या सभामंडपात सतरंज्या पडतात आणि ग्रामसभा भरते. नळपाणी योजना कुठे अडली, शाळेच्या गळक्या खोल्यांची दुरुस्ती कधी होणार, बसथांब्याला शेड कोण बांधणार, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी का नाही, असे विषय निघतात. हे प्रश्न ज्यांना रोज भेडसावतात, ती अकरावी-बारावीतली मुलं-मुली त्या सतरंजीवर नसतात. राज्यघटनेच्या कलम २४३ नुसार ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदार यादीत नोंदलेल्या व्यक्तींची सभा, आणि यादीत नाव यायला अठरा वर्षं पूर्ण व्हावी लागतात.

मतदानाचं वय सोळावर आणावं का, हा प्रश्न आता जगभर विचारला जातो आहे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनच्या सरकारनं पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपूर्वी हे वय १६ करण्याचा निर्णय जाहीर केला आणि आपल्याकडेही थोडी चर्चा झाली. ती थेट दिल्लीत पोचली आणि तिथेच विरली: घटनादुरुस्ती कोण करणार, पंतप्रधान निवडण्याची जबाबदारी पोरांवर कशी सोपवायची, वगैरे. या चर्चेनं गावाचा रस्ता धरायला हवा, असं मला वाटतं. माझं म्हणणं सरळ आहे. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या निवडणुकांत महाराष्ट्रानं सोळा वर्षं पूर्ण झालेल्यांना मत द्यावं. लोकसभा-विधानसभेचा विचार त्या अनुभवानंतर करावा. हा मार्ग राज्यघटनेत उपलब्ध आहे, आणि आपल्याच देशात तो एकदा वापरूनही झाला आहे.

घटना काय सांगते

प्रौढ मताधिकाराचा आधार असलेलं कलम ३२६ नीट वाचलं की एक गोष्ट ध्यानात येते. ते लोकसभेच्या आणि राज्यांच्या विधानसभांच्या निवडणुकांबद्दल आहे. अठरा वर्षांची अट त्या दोन सभागृहांसाठी तिथे लिहिलेली आहे. पंचायती आणि नगरपालिकांचं प्रकरण वेगळं आहे. १९९२ मध्ये संसदेनं संमत केलेल्या ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्त्यांनी ते घटनेत आलं. त्यात उमेदवाराचं किमान वय २१ असल्याचं नमूद आहे, मतदाराचं मात्र नाही. या निवडणुकांचे नियम करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाला आहे आणि मतदार याद्या तयार करण्याची जबाबदारी कलम २४३-के नुसार राज्य निवडणूक आयोगाची आहे.

प्रत्यक्षात आपण सोयीचा मार्ग पत्करला. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार विधानसभेची यादीच प्रभागवार फोडून ग्रामपंचायतीला वापरली जाते. त्यामुळे विधानसभेची अठराची अट आपोआप गावालाही लागू झाली. गावासाठी योग्य वय कोणतं, याचा स्वतंत्र विचार झाला नाही. एका यादीतून दुसरी यादी निघाली आणि वयही तिच्याबरोबर आलं.

राज्याला हा कायदा बदलणं अवघड नाही. सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये आणली गेली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. स्थानिक निवडणुकीचा कायदा पाच वर्षांत दोनदा फिरवणाऱ्या विधिमंडळाला सोळा-सतराच्या मुलांसाठी एक कलम जोडणं जड जाऊ नये. देशाच्या आधी पाऊल टाकण्याची महाराष्ट्राची परंपराही आहे. रोजगार हमी इथे सुरू झाली आणि तीन दशकांनी देशाची झाली. स्थानिक संस्थांमध्ये स्त्रियांना ३० टक्के जागा राखून ठेवण्याचा निर्णय इथे १९९० मध्ये झाला, ७३व्या दुरुस्तीच्या आधी.

एकवीसचं अठरा झालं तेव्हा

अठरा हा आकडाही काही मूळचा नाही. १९२८च्या नेहरू अहवालानं मतदानासाठी २१ वर्षांचं वय सुचवलं होतं. १९५०च्या राज्यघटनेनं तेच स्वीकारलं आणि १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीपासून पुढची जवळजवळ चार दशकं देशानं एकविसाव्या वर्षी मत दिलं. राजीव गांधींच्या सरकारनं डिसेंबर १९८८ मध्ये ६१वी घटनादुरुस्ती संसदेत संमत करून घेतली आणि २८ मार्च १९८९ पासून हे वय १८ झालं.

त्या विधेयकाला जोडलेलं उद्देश-निवेदन आज पुन्हा वाचावं असं आहे. सरकारनं त्यात तीन कारणं दिली. अनेक देशांत अठरा हे वय रूढ झालं आहे. आपल्याकडच्या काही राज्यांनी स्थानिक संस्थांच्या निवडणुकांसाठी अठरा वर्षं हे वय आधीच स्वीकारलं आहे. आणि आजचा तरुण शिकलेला, राजकीयदृष्ट्या जागा आहे; प्रतिनिधित्व नसलेल्या या वर्गाला आपल्या भावना मांडण्याची वाट मिळायला हवी.

यातलं दुसरं कारण आपल्या कामाचं आहे. घटना लोकसभेसाठी २१ म्हणत असताना काही राज्यं आपल्या पंचायतींत अठराव्या वर्षी मत देऊ देत होती. आधी गावानं करून पाहिलं आणि मग देशानं स्वीकारलं.

पुढे काय झालं तेही पाहावं. नोव्हेंबर १९८९च्या निवडणुकीत मतदारांची संख्या जवळपास पन्नास कोटींवर गेली. कोट्यवधी तरुण पहिल्यांदा रांगेत उभे राहिले, आणि ज्या काँग्रेसनं त्यांना मत दिलं होतं ती चारशेहून अधिक जागांवरून १९७ वर आली. हक्क देणाऱ्याला त्याचा मोबदला मतांत मिळेल असं गृहीत धरता येत नाही. तरीही त्यानंतर कोणीही वय पुन्हा २१ करण्याची मागणी गांभीर्यानं केली नाही.

जिथे सोळाव्या वर्षी मत पडतं

स्वित्झर्लंडच्या पूर्व भागात ग्लारुस नावाचा छोटा डोंगराळ प्रांत आहे. दर वर्षी मे महिन्यात तिथले नागरिक उघड्या मैदानात गोळा होतात आणि प्रांताचे कायदे व कर हात वर करून ठरवतात. कोणाही नागरिकाला तिथे उठून बोलता येतं. आपल्या ग्रामसभेच्या कल्पनेला जवळची अशी ही जुनी लोकांची सभा आहे. मे २००७ मध्ये या सभेनं स्वतःच ठराव केला की सोळा वर्षांच्या मुलामुलींनाही हात वर करण्याचा अधिकार असेल. स्वित्झर्लंडच्या इतर काही प्रांतांनी असे प्रस्ताव पुढे फेटाळले. ग्लारुसनं मात्र आपला निर्णय टिकवला.

त्याच वर्षी शेजारच्या ऑस्ट्रियानं देशपातळीवर वय १६ केलं. युरोपीय संघात असं करणारा तो पहिला देश. मात्र हा निर्णय एका रात्रीत झाला नव्हता. बुर्गेनलांडसारख्या प्रांतांनी २००० सालापासून गावपातळीच्या निवडणुकांत सोळाव्या वर्षी मत देऊन पाहिलं होतं. सप्टेंबर २००८ मध्ये सोळा-सतराच्या मुलांनी पहिल्यांदा संसदेसाठी मतदान केलं, आणि शाळांमधल्या राजकीय शिक्षणावर त्याच सुमारास भर दिला गेला. नंतर एवा झेग्लोविट्स आणि युलियान आइखहोल्झर या संशोधकांनी व्हिएन्ना आणि क्रेम्स या शहरांतल्या मतदान नोंदी तपासल्या. सोळा-सतराच्या वयात पहिलं मत देणाऱ्यांचं प्रमाण अठरा ते वीस वयात पहिलं मत देणाऱ्यांपेक्षा जास्त आढळलं. व्हिएन्ना विद्यापीठातल्या मार्कुस वाग्नर आणि सहकाऱ्यांनी वेगळा प्रश्न विचारला: ही मुलं आपल्या विचारांशी जुळणाऱ्या पक्षालाच मत देतात का? मोठ्यांच्या तुलनेत त्यांची निवड कच्ची असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

स्कॉटलंडची गोष्ट आणखी बोलकी आहे. स्वतंत्र व्हायचं की ब्रिटनमध्ये राहायचं, हा सार्वमताचा प्रश्न १८ सप्टेंबर २०१४ रोजी जनतेपुढे होता. इतक्या मोठ्या निर्णयात सोळा-सतराच्या मुलांना सामील करून घेण्यात आलं आणि एक लाखाहून अधिक मुलांनी नोंदणी केली. एकूण मतदान ८४.६ टक्के झालं. निवडणूक आयोगानं करवून घेतलेल्या पाहणीत सोळा-सतराच्या वयोगटातल्या ७५ टक्के मुलांनी मत दिल्याचं सांगितलं. अठरा ते चोवीसच्या गटात हे प्रमाण ५४ टक्के होतं. मुलं आईबापांच्या सांगण्यावरून मत देतील ही शंका तिथेही होती. सार्वमताआधी एडिनबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी मुलांबरोबर पालकांनाही विचारलं, तेव्हा चाळीस टक्क्यांहून अधिक मुलांचा कल पालकापेक्षा वेगळा निघाला. स्कॉटिश कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या तेव्हाच्या नेत्या रुथ डेव्हिडसन आधी या बदलाच्या विरोधात होत्या; मुलांनी घातलेले वाद ऐकून त्या समर्थक झाल्या. जून २०१५ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेनं सोळा हे वय एकमतानं कायम केलं.

सगळीकडे असंच घडलं असं नाही. वेल्सनं २०२१ मध्ये आपल्या संसदेसाठी सोळाव्या वर्षी मत दिलं, पण कोविडचा काळ होता, शाळा विस्कळीत होत्या आणि निम्म्याहून अधिक मुलांची नोंदणीच झाली नाही. स्कॉटलंडमध्ये मुलांना घरात, वर्गात आणि बस थांब्यावरही त्या एकाच प्रश्नावर वाद ऐकायला मिळत होता. वेल्समध्ये तसं वातावरण नव्हतं. कायद्यानं दिलेल्या हक्काला शाळेनं आणि समाजानं हात दिला नाही, तर तो हक्क कागदावर राहतो, एवढा धडा वेल्सनं दिला आहे.

ब्राझीलनं १९८८च्या राज्यघटनेत वेगळा तोडगा काढला. तिथे अठरा वर्षांपासून मतदान सक्तीचं आहे. सोळा-सतराच्या मुलांना ते ऐच्छिक आहे. २०२२च्या अध्यक्षीय निवडणुकीत या वयाच्या २० लाखांहून अधिक मुलांनी स्वतःहून नाव नोंदवलं होतं. अर्जेंटिनानं २०१२ मध्ये हीच पद्धत स्वीकारली. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या टाकोमा पार्क या छोट्या शहरानं २०१३ मध्ये शहराच्या निवडणुकीपुरतं वय १६ केलं, आणि कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये २०२४ पासून सोळा वर्षांची मुलं शाळा मंडळाचे सदस्य निवडतात. न्यूझीलंडच्या सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगितलं की अठराची अट हा वयावरून केलेला भेदभाव आहे आणि सरकारनं त्याचं समर्थन करून दाखवलेलं नाही. तिथे कायदा बदलला नाही, पण प्रश्नाचा रोख बदलला. मुलांना हक्क का द्यावा, याऐवजी तो का नाकारायचा याचं उत्तर आता मोठ्यांना द्यावं लागतं.

या देशांकडे एका ओळीत पाहिलं की लक्षात येतं, अनेकांनी सुरुवात जवळच्या संस्थेपासून केली. जर्मनीतही आधी १९९०च्या दशकात लोअर सॅक्सनी राज्यानं स्थानिक निवडणुकांत सोळाव्या वर्षी मत दिलं, मग काही राज्यांच्या विधिमंडळांनी, आणि जून २०२४ मध्ये युरोपीय संसदेच्या निवडणुकीत ते देशभर लागू झालं.

समज येण्याचं वय

सोळाव्या वर्षी समज असते का? मेंदूच्या वाढीचा अभ्यास करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा मोठा शोध घेतला. दहा ते तीस वयाच्या पाच हजारांहून अधिक जणांची त्यांनी अकरा देशांत पाहणी केली. त्यात भारतही होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात त्यांनी दोन प्रकारच्या क्षमता वेगळ्या केल्या. भावना उसळलेल्या असताना, मित्रांच्या घोळक्यात, क्षणात घ्यायचे निर्णय हा एक प्रकार. त्यासाठी लागणारा संयम विशीच्या पुढेपर्यंत वाढत राहतो. शांतपणे, माहिती समोर ठेवून, वेळ घेऊन विचार करण्याची क्षमता हा दुसरा प्रकार. ती सोळाच्या आसपास मोठ्यांच्या बरोबरीला येते. मतदान या दुसऱ्या प्रकारात मोडतं. निवडणूक आधी जाहीर होते, प्रचाराला दिवस मिळतात आणि बटण एकट्यानं दाबायचं असतं. गाडी चालवण्यासाठी किंवा दारू पिण्यासाठी वेगळं वय आणि मतासाठी वेगळं वय ठेवण्यात म्हणूनच विसंगती नाही.

आपला कायदाही वयाकडे एकाच मापानं पाहत नाही. गंभीर गुन्ह्यात सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवता येईल, अशी तरतूद २०१५च्या बाल न्याय कायद्यात आहे. चौदा वर्षांवरील मुलांना धोकादायक नसलेल्या उद्योगांत मजुरी करता येते. साडेसतरा वर्षांचा मुलगा अग्निवीर म्हणून सैन्यात भरती होऊ शकतो. शिक्षा, श्रम आणि बंदूक यांसाठी ज्याला आपण पुरेसा मोठा मानतो, त्याला गावच्या पाण्याच्या टाकीबद्दल मत देण्याइतकाही मोठा मानत नाही.

शाळेत तो जे शिकतो तेही पाहावं. राज्य मंडळाच्या सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद येतात. दहावीच्या राज्यशास्त्रात निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी आणि भारतीय लोकशाहीपुढची आव्हानं यांवर स्वतंत्र प्रकरणं आहेत. दर वर्षी पंधरा-सोळा लाख मुलं ही परीक्षा देतात. मग बहुतेक जण विज्ञान किंवा वाणिज्य शाखेला जातात आणि राज्यशास्त्राचं पुस्तक कायमचं मिटतं. शिकलेलं वापरायला त्यांना वाट पाहावी लागते, तीही अठरा वर्षांपर्यंतच नाही. निवडणुका पाच वर्षांनी येतात, त्यामुळे पहिलं मत प्रत्यक्षात अठरा ते तेवीस यांमध्ये कधीतरी पडतं. सरासरी साडेवीस वर्षं. मुंबई महापालिकेची निवडणूक २०१७ नंतर तर जवळपास नऊ वर्षं झालीच नाही. २०१८ मध्ये अठरा पूर्ण केलेल्या मुंबईकराला आपला पहिला नगरसेवक निवडायला पंचविशी ओलांडावी लागली.

समजेच्या प्रश्नावर महाराष्ट्राजवळ एक जुनं आणि पक्कं उत्तरही आहे. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे निवेदन देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. १९२९च्या आपल्या स्वतंत्र अहवालात त्यांनी साक्षरतेची अट खोडून काढली. निरक्षर माणूस बुद्धिहीन असतो हे गृहीतकच चूक आहे, आणि साक्षर माणसाला निरक्षरापेक्षा अधिक समज असते हेही तितकंच चूक आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. बाबासाहेबांनी मागितलेलं वय एकवीसच होतं, त्यामुळे सोळाच्या मागणीला त्यांचं नाव जोडणं बरोबर होणार नाही. मात्र त्यांनी घालून दिलेली कसोटी आपली आहे: ज्याच्या आयुष्यावर राज्यकारभाराचा परिणाम होतो, त्याला बाहेर ठेवायचं तर बाहेर ठेवणाऱ्यानं सबळ कारण द्यायला हवं. १९५१ मध्ये साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास असलेल्या देशानं सतरा कोटींहून अधिक लोकांना मत दिलं ते याच विश्वासावर.

सोळाव्या वर्षी ज्ञानेश्वरांनी काय केलं आणि शिवरायांनी काय केलं, हे दाखले या वादात हमखास दिले जातात. मला ते नकोत. मताधिकार अलौकिक माणसांसाठी नसतो. तो दहावीला बावन्न टक्के मिळवणाऱ्या, सकाळच्या एसटीत उभ्यानं प्रवास करणाऱ्या, संध्याकाळी गोठ्यात धार काढणाऱ्या साध्या मुलासाठी आणि मुलीसाठी असतो.

अठराव्या वर्षी गाव सुटतं

महाराष्ट्रासाठी सोळाचं वय अधिक योग्य ठरण्याचं सगळ्यात मोठं कारण आपल्या घरांत आहे. अठरा हे वय मुळं उखडण्याचं आहे. बारावी झाली की मुलगा पुणे, संभाजीनगर, नागपूर, नाहीतर एखाद्या औद्योगिक वसाहतीकडे निघतो. भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर नाव नोंदवायला कागद नसतो आणि मतदानासाठी गावी जायला सुट्टी नसते. २०२४च्या लोकसभा निवडणुकीआधी देशात अठरा-एकोणीस वयाचे सुमारे १.८ कोटी मतदार नोंदलेले होते. त्या वयाच्या तरुणांपैकी निम्मेसुद्धा यादीत नव्हते. सतरा वर्षं पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज भरण्याची सोय २०२२ पासून आहे, वर्षातून चार पात्रता-तारखाही आहेत, तरीही ही स्थिती.

मुलीचं तर गावच बदलतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं होतं. अठरानंतर वर्ष-दोन वर्षांत लग्न होणाऱ्याही पुष्कळ. जिथे ती वाढली, शिकली, जिथलं पाणी तिनं डोक्यावर वाहिलं, त्या गावात तिला एकदाही मत देता येत नाही. तिचं पहिलं मत सासरच्या गावात पडतं, जिथे ती नवी सून असते आणि प्रभागातला उमेदवार कोण हे तिला घरातले सांगतात. सोळाव्या वर्षी मत मिळालं तर ते माहेरी मिळेल. ज्या ग्रामसेवकाला, ज्या सरपंचाला ती लहानपणापासून पाहते आहे, त्यांच्या कामाचा हिशेब ती स्वतः करेल. बालविवाह रोखण्याचं काम ग्रामसेवकाकडे आहे. त्या गावातल्या सोळा-सतराच्या मुली मतदार असतील आणि ग्रामसभेत बसतील, तर हा विषय टाळणं गावाला कठीण जाईल.

स्थानिक कारभाराचा भारही याच वयावर पडतो. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांचं वर्ष रस्त्यावर गेलं, आणि त्यात मुली जास्त घरी बसल्या. एसटी ग्रामपंचायतीच्या हातात नाही, हे खरं. पण थांबा, रस्ता, दिवे, वाचनालय, खेळाचं मैदान आणि शाळेची इमारत या गोष्टींत तिचा हात आहे.

मुलांना विचारलं तर काय निघतं, हे शेजारच्या कर्नाटकात दिसलं आहे. कुंदापूर तालुक्यातल्या केराडी या गावात १९९५ मध्ये मुलांनी गुप्त मतदानानं आपली ‘मक्कळ पंचायत’ निवडली. पावसाळ्यात ओढे ओलांडून शाळेत जाणाऱ्या मुलांनी साकव मागितले, सरपण आणि पाण्याचे प्रश्न मांडले. पुढे कर्नाटक सरकारनं मुलांच्या ग्रामसभा राज्यभर घेण्याचा आदेश काढला. आपल्याकडेही ‘आमचं गाव आमचा विकास’च्या आराखड्यासाठी बालसभा घ्याव्यात अशी अपेक्षा आहे. बालसभा चांगलीच आहे, पण तिथे मागितलेली गोष्ट न दिल्यानं कोणाची खुर्ची जात नाही.

आक्षेप, आणि त्यांना उत्तर

सगळ्यात गंभीर आक्षेप गावातूनच येतो आणि तो मी हलक्यानं घेत नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक भावकीची असते. एका प्रभागात चार-पाचशे मतं, हार-जीत कधी दहा-वीस मतांची. कोणत्या वाड्यातली किती मतं कुठे पडली याचा अंदाज मतमोजणीच्या दिवशीच बांधला जातो. दीड हजार वस्तीच्या गावात सोळा-सतराची मुलं पन्नासच्या आसपास भरतील. त्यांच्यामागे पक्ष लागतील, ढाब्यावर जेवणावळी होतील, पैसा आणि दारू पोचेल, अशी भीती आहे.

ही भीती खरी आहे. पण ही मुलं आजच प्रचारात आहेत. दुचाकी फेरीत झेंडा त्यांच्या हातात असतो, मिरवणुकीतला गुलाल त्यांच्या अंगावर असतो, उमेदवाराचे रील तेच बनवतात. प्रचारात मुलांना वापरू नये, असा कडक आदेश निवडणूक आयोगानं फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला, तरी चित्र फारसं पालटलेलं नाही. म्हणजे निवडणुकीची सगळी धूळ त्यांच्या वाट्याला येते आणि निवडणुकीचा हक्क तेवढा येत नाही. ज्याला मत आहे त्याला उमेदवाराला प्रश्न विचारता येतो. ज्याला ते नाही, त्याला फक्त घोषणा देता येतात.

घरचे सांगतील तिकडे मुलं मत टाकतील, हा दुसरा आक्षेप. स्त्रियांना मत देतानाही हेच म्हटलं गेलं. दबाव असतो, तो मोठ्यांवरही असतो. त्यासाठी गुप्त मतदान आहे.

तिसरा आक्षेप असा की मुलं भडकावण्याला लवकर बळी पडतात, मोबाइलवर जे दिसेल ते खरं मानतात. जर्मनीत २०२४च्या युरोपीय निवडणुकीत सोळा ते चोवीसच्या वयोगटात अतिउजव्या पक्षाला १६ टक्के मतं पडली आणि पाच वर्षांपूर्वी तरुणांचा लाडका असलेला हरित पक्ष ३४ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आला. सोळाच्या वयाचे काही समर्थक तेव्हा हिरमुसले. माझ्या मते त्यांचा पायाच कच्चा होता. मुलं आपल्याला आवडेल तसं मत देतील म्हणून त्यांना हक्क द्यायचा नसतो. त्या निवडणुकीत मुलं ज्या दिशेला गेली, त्याच दिशेला मोठेही गेले होते. खोट्या माहितीची बाधा कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सर्वांनाच होते, आणि ती ओळखायला शिकवणारा शिक्षक सोळा वर्षांच्या मुलाला रोज भेटतो. चाळिशीतल्या काकांना तो भेटत नाही.

मग चौदा का नको, असंही विचारलं जाईल. रेघ कुठेतरी मारावी लागते. दहावीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होतं, राज्यशास्त्राचा पाया बसतो आणि शांत विचाराची क्षमता मोठ्यांच्या जवळ येते, ती सोळाच्या सुमारास. या रेघेमागे कारणं आहेत, आणि ती अनुभवानं तपासता येतात.

करायचं काय

विधिमंडळानं ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपरिषद आणि महापालिका यांच्या अधिनियमांत दुरुस्ती करावी: विधानसभेच्या यादीबरोबर राज्य निवडणूक आयोगानं तयार केलेली सोळा-सतरा वयाची पुरवणी यादी त्या-त्या निवडणुकीसाठी धरली जाईल. उमेदवाराचं वय २१ राहील. नोंदणीचं काम कनिष्ठ महाविद्यालयात आणि आयटीआयमध्ये, प्रवेश अर्जाबरोबरच व्हावं. शाळा सुटलेल्यांसाठी, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतल्या मुलांसाठी अंगणवाडी सेविका आणि ग्रामसेवकांनी घरोघर नोंद घ्यावी. नाहीतर हा हक्क फक्त शिकणाऱ्यांचा होईल आणि बाबासाहेबांनी नाकारलेली साक्षरतेची अट मागच्या दारानं परत येईल. एकदम सगळीकडे नको वाटत असेल तर काही जिल्ह्यांच्या ग्रामपंचायतींपासून सुरुवात करावी, दोन निवडणुकांचा अनुभव विद्यापीठांकडून तपासून घ्यावा आणि अहवाल सभागृहापुढे ठेवावा.

अकरावी-बारावीला सर्व शाखांत आठवड्याला एक तास स्थानिक कारभाराचा असावा. त्यात मुलांनी आपल्या ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक वाचावं, स्वतःच्या उत्पन्नातला महिला व बालकल्याणासाठीचा दहा टक्के निधी कुठे खर्च झाला ते विचारावं, प्रभाग सभेला जाऊन तिचं इतिवृत्त लिहावं. शाळांमध्ये मतदार साक्षरता मंच २०१८ पासून आहेत. त्यांना घोषवाक्य आणि रांगोळी स्पर्धांपलीकडचं काम मिळेल.

पुरवणी यादीत नाव आलं की ती मुलं ग्रामसभेचीही सदस्य होतील, आणि हा या बदलाचा सर्वांत मोठा लाभ आहे. गणपूर्तीला शंभर माणसं जमत नाहीत म्हणून आपल्या ग्रामसभा तहकूब होतात. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही आणि ठराव मोजक्या लोकांत उरकले जातात. नुकतंच राज्यशास्त्र शिकलेली, हिशेब विचारायला न बिचकणारी पन्नास मुलं-मुली त्या सभेला आली तर सरपंचाला उत्तर तयार ठेवावं लागेल, ग्रामसेवकाला वही उघडावी लागेल आणि त्यांच्या आईबापांनाही बोलायला बळ येईल. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. त्यांच्यासाठी वेगळं वय ठरवण्याचा अधिकार राज्याकडे आहे. विधिमंडळानं तो वापरावा, आणि वापरायचा नसेल तर त्याचं कारण सोळा वर्षांच्या मुलांना समजेल अशा शब्दांत सभागृहात सांगावं.